मानेतली न दुखणारी गाठ



मानेत गाठ आली की आपल्याकडे काय होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आधी हळद-चुन्याचा लेप लागतो. मग कोणीतरी जाणता माणूस डाग देतो. तरीही गाठ राहिली तर गावातल्या डॉक्टरांकडून पाच दिवसांच्या गोळ्या येतात, त्या संपतात आणि पुन्हा आणल्या जातात. गाठ दुखत नाही, ताप नाही, भूक नेहमीसारखी आहे, ऊसतोडीचा हंगाम जवळ आलेला आहे. मग माणूस म्हणतो, "दुखत नाही ना, मग राहू द्या." आणि कोयता घेऊन गाडीत बसतो.

"दुखत नाही म्हणून काळजी नाही" हा समज किती जणांचा वेळ खातो, हे या लेखात सांगायचे आहे. दुखणारी, लाल झालेली, तापाबरोबर आलेली गाठ बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाची असते आणि बरी होते. मोठ्या वयाच्या माणसाच्या मानेतली न दुखणारी, हळूहळू वाढणारी, तीन आठवडे होऊनही न जाणारी गाठ मात्र तपासून घेतलीच पाहिजे. ती क्षयाची असू शकते, ज्याला आपल्या आजीआजोबा गंडमाळा म्हणत. ती कर्करोगाचीही असू शकते. दोन्हींवर उपचार आहेत, पण दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. अंदाजाने सुरू केलेल्या गोळ्यांत महिने निघून जातात.

गाठ म्हणजे नेमके काय?

पायात काटा मोडून पू झाला की जांघेत अवधाण येते, हे गावाकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जखम पायाला आणि गाठ जांघेत, असे का होते? आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज आणखी एक बारीक नळ्यांचे जाळे आहे. पेशींच्या मधे साठलेले पाणी हे जाळे गोळा करते आणि परत रक्तात आणून सोडते. या पाण्याला लसिका म्हणतात. शेतातल्या चारीला जागोजागी जाळी लावावी, म्हणजे काडीकचरा तिथे अडकतो, तसे या नळ्यांच्या वाटेवर घेवड्याच्या बीएवढे दाणे बसवलेले असतात. त्या लसिका ग्रंथी. जंतू तिथे अडवले जातात, त्यांच्याशी लढाई होते आणि ग्रंथी सुजते. तेच अवधाण.

शरीरात अशा शेकडो ग्रंथी आहेत आणि मानेत त्या विशेष दाट आहेत. प्रत्येक भागाचे पाणी कोणत्या ग्रंथीकडे जाते, हे बहुतेक ठरलेले असते. ओठ, गाल आणि जिभेचा पुढचा भाग यांचे पाणी हनुवटी व जबड्याखालच्या ग्रंथींकडे जाते. टॉन्सिल आणि जिभेचे मूळ यांचे पाणी जबड्याच्या कोनाखाली, कानाच्या पाळीच्या खालच्या बाजूच्या ग्रंथींकडे जाते. म्हणून अनुभवी डॉक्टर मानेतल्या गाठीची जागा पाहूनच तोंडाच्या कोणत्या कोपऱ्यात शोधायचे हे ठरवतात.

कर्करोगाच्या पेशीही याच वाटेने निघतात. मूळ जागेवरून सुटलेली एखादी पेशी लसिकेबरोबर वाहत येते, जवळच्या ग्रंथीत अडकते आणि तिथेच वाढू लागते. मानेत दिसते ती त्या मूळ रोगाची ही दुसरी वस्ती. मूळ रोग तोंडात किंवा घशात असतो. म्हणून नुसती गाठ कापून काढली की काम झाले, असे होत नाही.

एकाच घशाचे दोन वेगळे रोग

आपल्या भागात तोंडाचा व घशाचा कर्करोग म्हटला की पहिला आरोपी तंबाखू. मळलेली तंबाखू, मावा, मिश्री, विडी आणि सोबत दारू. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे लहान पोरही सांगते. भारतात घशाच्या कर्करोगाचा मोठा भाग आजही तंबाखू आणि दारूचाच आहे.

पण दुसरेही एक कारण आहे आणि ते तंबाखूला कधी हात न लावलेल्या माणसालाही गाठू शकते. मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. काहींमुळे हातापायावर चामखीळ येते, बहुतेकांमुळे काहीच होत नाही. मोजके प्रकार मात्र कर्करोग करतात. त्यांत १६ क्रमांकाचा प्रकार सर्वांत घातक आहे. बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाच्या, म्हणजे आपल्या बायका ज्याला "पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर" म्हणतात, त्या रोगाचे मूळ हाच विषाणू आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउझेन यांनी दाखवले. त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. घशात, विशेषतः टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी, तोच १६ क्रमांकाचा विषाणू कर्करोग घडवतो. अमेरिकेत आता एचपीव्हीमुळे होणाऱ्या घशाच्या कर्करोगाचे रुग्ण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांपेक्षा जास्त आहेत. भारतात हे प्रमाण त्या मानाने पुष्कळ कमी आहे.

पेशीला किती वाढायचे आणि कधी थांबायचे हे सांगणारे लगाम असतात. हा विषाणू पेशीत शिरून त्यांतले दोन महत्त्वाचे लगाम तोडतो. बहुतेक लोकांचे शरीर एकदोन वर्षांत विषाणूला हुसकून लावते. थोड्यांच्या शरीरात तो मुक्काम करतो, वर्षानुवर्षे गप्प राहतो आणि मग कधीतरी पेशी बेलगाम वाढू लागतात.

घशात दाणा, मानेत गाठ

विषाणूच्या या कर्करोगाची एक रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मूळ रोग अगदी लहान असतानाच तो मानेतल्या ग्रंथींत पोचलेला असतो. रुग्णाला घशात काहीच जाणवत नाही. गिळता येते, आवाज ठीक असतो, आरशात काही दिसत नाही. पहिली खूण म्हणजे जबड्याच्या कोनाखालची न दुखणारी गाठ. काही वेळा घशातली मूळ जागा इतकी बारीक असते की डॉक्टरांनाही ती शोधावी लागते.

असे का होते? टॉन्सिल बाहेरून गुळगुळीत दिसला तरी त्यात खोल खाचा असतात. ज्वारीच्या कणसात बोट घातल्यावर लागतात तशा. विषाणूला या खाचांच्या तळाशी घर मिळते. तिथली त्वचा जाळीसारखी विरळ असते आणि तिला लागूनच लसिकेची दाट वस्ती असते, कारण टॉन्सिल हीच मुळी घशातल्या जंतूंना अडवणारी चौकी आहे. म्हणजे रोग जिथे जन्मतो तिथूनच गाडीला रस्ता लागतो. रोगाला वर दिसण्याआधी खाली उतरणे सोपे जाते.

आणखी एक फसवी गोष्ट आहे. या रोगाची मानेतली गाठ पुष्कळदा आतून पाण्याने भरलेली असते. सोनोग्राफीत ती साध्या पाण्याच्या गाठीसारखी दिसते. "पाण्याची गाठ आहे, काही नाही" असे ऐकून माणूस घरी जातो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेत नव्याने आलेली पाण्याची गाठ घसा नीट तपासल्याशिवाय निरुपद्रवी मानू नये.

मग हा शेवटचा टप्पा समजायचा का?

"कॅन्सर गाठीत उतरलाय" हे शब्द ऐकले की घरातले लोक आशा सोडतात. काही जण उपचाराचे पैसे वाचवून जमीन सोडवू, असेही म्हणतात. म्हणून हा भाग आपल्या कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावा.

पूर्वीच्या मोजणीत मानेतली एक छोटी गाठ असली तरी रोग तिसऱ्या टप्प्याचा धरत आणि गाठी जास्त वा मोठ्या असल्या तर चौथ्या. तंबाखूच्या घशाच्या कर्करोगासाठी ही मोजणी साधारण आजही तशीच आहे. पण विषाणूच्या कर्करोगाचे रुग्ण "चौथा टप्पा" असूनही बरे होत होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या घशाच्या रुग्णांचे दोन गट पाहिले गेले. विषाणूमुळे रोग झालेल्यांपैकी तीन वर्षांनी शंभरात सुमारे ८२ जण जिवंत होते. विषाणू नसलेल्यांत सुमारे ५७. उपचार सारखेच होते. मात्र विषाणूच्या रुग्णांतही ज्यांनी वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढली होती त्यांचा निकाल कमी चांगला होता.

यामुळे २०१८ पासून विषाणूच्या घशाच्या कर्करोगासाठी वेगळी मोजपट्टी आली. घशातला रोग चार सेंटिमीटरपर्यंत आहे आणि मानेतल्या गाठी त्याच एका बाजूला व सहा सेंटिमीटरपर्यंतच्या आहेत, तर तो आता पहिला टप्पा धरतात. गाठी दोन्ही बाजूंना असतील तर दुसरा. रोग फुप्फुसासारख्या दूरच्या अवयवात पोचला तरच चौथा.

म्हणजे रोग सौम्य झाला असे नाही. मानेतली गाठ ही या रोगाची वेळेवर दिलेली हाक आहे आणि ती ऐकून जो लवकर येतो त्याला बरे होण्याची चांगली संधी आहे, एवढाच याचा अर्थ. ही आशा पाहून "मग थोडे कमी औषध दिले तर?" असा प्रश्न डॉक्टरांनीही विचारला. नेहमीच्या सिस्प्लॅटिनऐवजी सौम्य वाटणारे दुसरे औषध देऊन दोन मोठे अभ्यास झाले. २०१८ च्या अखेरीस त्यांचे निकाल आले आणि दोन्हींत नवे औषध घेतलेल्यांचा निकाल वाईट निघाला. म्हणून बरे वाटते म्हणून उपचार मधेच सोडणे, किंवा अर्ध्यावर थांबवून गावठी औषध घेणे, जिवावर बेतू शकते.

न दिसणाऱ्या गाठीचा प्रश्न

आपल्या राज्यात ज्या रोगाने सर्वांत जास्त घरे उद्ध्वस्त केली, तो तंबाखूचा तोंडाचा कर्करोग. त्यातही मानेतल्या ग्रंथींचाच प्रश्न कळीचा आहे आणि त्याचे उत्तर जगाला मुंबईने दिले.

जिभेवर किंवा गालात लहान कर्करोग आहे. मानेत हाताला काहीही लागत नाही. अशा वेळी तोंडातला रोग काढतानाच मानेतल्या ग्रंथीही काढाव्यात, की गाठ आलीच तर तेव्हा काढाव्यात? कित्येक वर्षे दोन्ही मते होती. ग्रंथी काढल्या की खांदा दुखतो, हात वर करायला त्रास होतो. ज्याला गरज नाही त्याला हा त्रास कशाला, हा विचारही चुकीचा नव्हता.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डी'क्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांना या अभ्यासात घेतले. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाच्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, दुसऱ्या गटावर लक्ष ठेवले आणि गाठ दिसली तेव्हा काढल्या. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब २०१५ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले शंभरात ८० जिवंत होते, दुसऱ्या गटातले साडेसदुसष्ट. म्हणजे आठ जणांच्या ग्रंथी वेळेवर काढल्या तर एक जीव जास्त वाचतो.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. हाताला गाठ लागत नाही म्हणून मान स्वच्छ आहे असे समजता येत नाही. डॉक्टर म्हणाले, "तोंडातला व्रण काढताना मानही उघडावी लागेल," तर ते बिल वाढवण्यासाठी सांगत आहेत, असा संशय घेऊन रुग्णाला उठवून आणू नका.

बार्शीने काय शिकवले

हे सगळे मुंबई-अमेरिकेचे झाले. सोलापूरपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर बार्शीत आपल्या जिल्ह्याचे स्वतःचे काम आहे आणि त्याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असते.

१९८७ साली बार्शीत भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुका आणि शेजारचे परांडा व भूम तालुके तिच्या कक्षेत होते. शहरातल्या नोंदणीत रुग्णालयांतून नावे येतात. इथे अडचण अशी होती की गावचा रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हता. मग नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरू लागले. ते लोकांशी बोलत, लक्षणे सांगत, संशय आला तर माणसाला बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात तपासायला आणत. नोंद घ्यायला गेलेल्यांनी असे लोकशिक्षणही केले, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्याचे दिसले. नवे यंत्र आलेले नव्हते. कोणीतरी दारात जाऊन नीट बोलले होते.

पुढे याच मंडळींनी टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑन इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात एक मोठे काम केले. ४९७ गावांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. एका गटाची एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, दुसऱ्या दोन गटांच्या वेगळ्या तपासण्या झाल्या आणि चौथ्या गटाला नेहमीची सेवा व माहिती मिळाली. आठ वर्षांनी, २००९ साली, निकाल आला. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ जणी गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हे जगाने आपल्या शेजारच्या गावांकडून शिकले.

त्याच वेळी एक बोचरा प्रश्नही उभा राहिला आणि तो लपवू नये. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, असे अनेकांनी विचारले. त्या भागात तेव्हा कोणालाच अशी तपासणी मिळत नव्हती, असे अभ्यासकांचे उत्तर होते. गरिबांवर होणाऱ्या प्रत्येक अभ्यासाला हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

लस आणि संमती

या विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली सर्व्हाव्हॅक ही भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आणली गेली. लस रोग झाल्यावर उपयोगी पडत नाही. विषाणू शरीरात येण्याआधी, म्हणजे नऊ ते चौदा या वयात, ती सर्वांत चांगली लागू पडते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून ती संरक्षण देते हे पक्के झाले आहे. लसीमुळे तोंडातल्या विषाणूचा संसर्गही कमी होतो, असे दिसले आहे. त्यावरून २०२० साली अमेरिकी औषध प्रशासनाने घशाच्या कर्करोगाला प्रतिबंध हाही तिकडच्या एका लसीचा उपयोग म्हणून मान्य केला. घशाचा रोग व्हायला दशके लागत असल्याने त्याचा पूर्ण हिशेब यायचा आहे.

लसीच्या गोष्टीत आदिवासी मुलींचा एक दुःखद अध्याय आहे. २००९ साली आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे एका प्रायोगिक योजनेत हजारो मुलींना ही लस दिली गेली. खम्मममधल्या पुष्कळ मुली आश्रमशाळांत, वसतिगृहांत राहत होत्या आणि कित्येकींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी अधीक्षकांच्या सह्या होत्या. त्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लसीमुळे झाल्याचे आढळले नाही. पण विचारल्याशिवाय दंडात सुई टोचली गेली, हे खरेच होते. एप्रिल २०१० मध्ये सरकारने काम थांबवले आणि २०१३ साली संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले.

त्याच थांबवण्यात देशातला दुसरा एक अभ्यासही अडकला. त्यात बार्शी, पुणे आणि मुंबईही होती. दोन आणि तीन मात्रांची तुलना करायची होती, पण अचानक थांबावे लागल्याने हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. त्या मुलींवर दहा वर्षे लक्ष ठेवल्यावर दिसले की एका मात्रेनेही विषाणूपासून जवळजवळ तेवढेच संरक्षण मिळते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही पुरेशी धरता येईल असे सांगितले, त्यामागे या भारतीय मुलींचाही वाटा आहे.

आपल्या कामाला यातून नियम मिळतो. वसतिगृहातल्या मुलीला लस द्यायची तर तिच्या आईबापांशी त्यांच्या भाषेत बोलायचे, पारध्यांची बोली असेल तर त्या बोलीत. सही किंवा अंगठा त्यांचा हवा. मुलीलाही समजले पाहिजे. "नको" म्हणाले तर राग धरायचा नाही, पुन्हा एकदा जाऊन बोलायचे. ज्या समाजाला १९५२ पर्यंत कायद्यानेच जन्मजात गुन्हेगार ठरवून काटेरी तारेच्या सेटलमेंटमध्ये ठेवले होते, त्याने सरकारी सुईकडे संशयाने पाहिले तर त्यात नवल नाही. विश्वास मिळवायला वेळ लागतो आणि तो वेळ द्यावा लागेल.

दोष कोणाला?

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. हे कळले की घरात संशय शिरतो आणि मंडळीत कुजबूज सुरू होते. म्हणून स्पष्ट सांगतो. आयुष्यात कधी ना कधी बहुतेक स्त्रीपुरुषांना हा विषाणू भेटलेला असतो. तो लग्नाच्या आधीचा की नंतरचा, नवऱ्याकडून की बायकोकडून, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही, कारण तो वीस-तीस वर्षेही गप्प राहू शकतो. कर्करोग स्वतः संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याच्याजवळ झोपल्याने तो कोणाला होत नाही. आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्याने त्याच्या वागणुकीचा हिशेब मागू नये.

उपचाराचे सात आठवडे

तपासणी फार अवघड नसते. कान-नाक-घशाचे डॉक्टर तोंड पाहतात, जिभेचे मूळ बोटाने चाचपतात, नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. मग गाठीत बारीक सुई घालून पेशी काढतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हा समज खोटा आहे आणि त्याने फार नुकसान केले आहे. मात्र घसा न पाहता मानेतली गाठच आधी कापून काढण्याची घाई कोणी करत असेल, तर मोठ्या रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. रोग विषाणूचा आहे का, हे घशातल्या तुकड्यावर पी-१६ नावाची तपासणी करून कळते.

उपचार दोन वाटांनी होतात. शस्त्रक्रिया करून घशातला रोग आणि मानेतल्या ग्रंथी काढणे, किंवा किरणोपचार आणि सोबत औषध. किरणोपचाराला आपले लोक "शेक" किंवा "लाईट" म्हणतात. तो साधारण साडेसहा ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस घ्यावा लागतो. तोंड कोरडे पडते, चव जाते, गिळताना आग होते. कधी काही काळ नळीने अन्न द्यावे लागते. किडलेले दात शेक सुरू होण्यापूर्वी दाखवून घ्यावे लागतात.

सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे, बार्शीत कर्करोगाचे रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार येतात. रेशनकार्ड आणि ओळखपत्र लागते. पारधी वस्तीवर अनेकांकडे नेमके हेच कागद नसतात. गाठ दिसल्यावर कागदांसाठी महिना घालवण्यापेक्षा कागद आधीच करून ठेवण्यात मदत करणे, हे आपण आजच हाती घेऊ शकतो.

आणि शेक फुकट मिळाला तरी सात आठवडे शहरात राहायचे कुठे, खायचे काय, घरी मागे मुलांना कोण पाहणार, बुडालेली मजुरी कोण देणार? पुष्कळदा उपचार इथेच तुटतो. आपण पाठवलेली देणगी जेव्हा एसटीचे तिकीट, दोन वेळचे मऊ जेवण आणि सोबतीच्या माणसाची रात्रीची जागा यांवर खर्च होते, तेव्हा ती उपचाराचाच भाग असते.

फलकावर लावण्यासाठी

कृपया पुढील भाग कापून चर्चच्या सूचनाफलकावर लावावा आणि महिला मंडळाच्या व तरुण संघाच्या सभेत मोठ्याने वाचावा.

१. मानेतली गाठ तीन आठवड्यांत गेली नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. दुखत नसेल तर जास्त लवकर दाखवा.

२. एकाच बाजूचा टॉन्सिल मोठा होणे, एकाच बाजूचा घसा किंवा कान सतत दुखणे, गिळायला अडचण, थुंकीत रक्त, बदललेला आवाज, तोंडातला न भरणारा व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा, यांपैकी काहीही तीन आठवडे टिकले तरी दाखवा.

३. गाठीवर डाग देऊ नका, लेप लावून ती पिकवू नका.

४. तपासणीशिवाय पुन्हा पुन्हा गोळ्या घेऊ नका. क्षयाचे औषधही तपासणीनंतरच.

५. तंबाखू, मावा, मिश्री, विडी आणि दारू सोडा. रोग झाल्यावर सोडली तरी उपचाराला फायदा होतो.

६. तीस वर्षांवरील स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी.

७. नऊ ते चौदा वयाच्या मुलींच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. आईवडिलांच्या संमतीनेच द्या.

८. "गाठीत उतरला" म्हणजे "संपले" नव्हे. डॉक्टरांना विचारा: रोग कोणत्या प्रकारचा आहे, टप्पा कोणता आहे, उपचार किती आठवडे आहेत?

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात परततात. त्या मधल्या पाच-सहा महिन्यांत मानेतली गाठ कोणी पाहत नाही. म्हणून टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तीवर एक आरोग्यभेट व्हावी आणि तिथे प्रत्येकाची मान चाचपून पाहिली जावी, असा आमचा प्रयत्न आहे. ज्या मंडळ्यांतून डॉक्टर, परिचारिका किंवा दुचाकीवर रुग्णाला सोबत नेणारे तरुण या भेटींसाठी एक दिवस देऊ शकतील, त्यांनी आपल्या पाळकांकडे नावे द्यावीत.

आपले,
आरोग्यसेवा विभाग